शारीरिक शिक्षण आणि फिटनेसची पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की हे प्रश्न सुरू होतात आणि सीईटीचे अर्ज बंद होईपर्यंत येत राहतात. निम्मे विद्यार्थ्यांचे असतात, निम्मे पालकांचे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि जिथे उत्तर आधी येऊन गेलंय तिथे फक्त क्रमांक दिलाय. फी, तारखा आणि जागांची संख्या दरवर्षी बदलते, म्हणून ती इथे नाही. त्यासाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच उघडा.

१. मला फिटनेसमध्ये पदवी घ्यायची आहे. नेमका कुठला कोर्स करू?

'फिटनेस' या नावाची एकच एक पदवी आपल्याकडे नाही, घोळ इथूनच सुरू होतो. बारावीनंतर तीन वर्षांची बीपीईएस (बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन अँड स्पोर्ट्स) असते. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांची बीपीएड (बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन) असते आणि तीच शाळेत क्रीडाशिक्षक होण्याची पात्रता. त्यापुढे दोन वर्षांची एमपीएड, म्हणजे याच विषयाची पदव्युत्तर पदवी. काही विद्यापीठांत बीएस्सी स्पोर्ट्स सायन्स आहे, तिचा कल मैदानापेक्षा प्रयोगशाळेकडे जास्त. तुम्हाला पुढे कुठे उभं राहायचंय ते आधी ठरवा: शाळेच्या मैदानावर, जिममध्ये, एखाद्या संघाबरोबर, की कंपनी आणि वस्तीतल्या आरोग्य कार्यक्रमात. कोर्सचं नाव त्यावरून ठरतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या कोर्सना सारखीच लागू आहे. इथे स्वतःचं शरीर कमवायला शिकवत नाहीत, दुसऱ्याला हलवायला शिकवतात. दंडाच्या बेटकुळ्या दाखवत आलेली मुलं पहिल्या सराव पाठाला चाळीस पोरांसमोर उभी राहिली की त्यांच्या तोंडून 'सावधान'सुद्धा नीट निघत नाही. आणि ज्याच्याकडे पाहून कुणी खेळाडू म्हणणार नाही असा मुलगा तोच वर्ग शिट्टीच्या दोन फुंकांत रांगेत आणतो.

२. माझी बारावी कला शाखेतून झाली आहे. विज्ञान नसेल तर अडेल का?

बीपीईएसला शाखेची अट सहसा नसते. बीएस्सीला मात्र बहुतेक ठिकाणी बारावी विज्ञान लागतं. विज्ञानापासून सुटका कुठेच नाही, हेही सांगून ठेवतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि हालचालींचं शास्त्र हे तीन विषय कला-वाणिज्यच्या मुलांना पहिल्या वर्षी घाम फोडतात. स्नायूंची लॅटिन नावं पाठ करण्यात रात्री घालवू नका. स्वतःच्या दंडावर हात ठेवून कोपर वाकवा, कुठला स्नायू आवळतो आणि कुठला सैल पडतो ते बोटांना कळू द्या. नाव त्याच्या मागून येतं.

३. मी खेळाडू नाही, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही खेळलेलो नाही. बीपीएडला प्रवेश मिळेल?

मिळू शकतो, पण वाट थोडी अरुंद आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांत पात्रतेच्या अनेक खिडक्या आहेत. पदवीला ५० टक्के आणि मान्यताप्राप्त स्पर्धेत किमान सहभाग, ही सगळ्यात वापरली जाणारी. शारीरिक शिक्षणातलीच पदवी असेल तर ४५ टक्के पुरतात. पदवीला शारीरिक शिक्षण हा सक्तीचा किंवा ऐच्छिक विषय असेल तरीही ४५. मोठ्या स्पर्धांत खेळलेल्यांसाठी आणखी सवलती आहेत आणि आरक्षित प्रवर्गांना गुणांत सूट आहे.

म्हणजे खेळाचं प्रमाणपत्र नसेल तर दुसरी खिडकी शोधा. बहुतेक जण इथे एक साधी चूक करतात: शाळेत असताना जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेलं असतं, पण प्रमाणपत्र कुठल्या तरी फाइलमध्ये असतं किंवा शाळेकडून घेतलेलंच नसतं. निकषांत शालेय आणि जिल्हा स्पर्धाही धरल्या आहेत. आधी जुन्या शाळेच्या सरांना फोन करा.

४. बीपीएडची सीईटी कशी असते? तयारी किती आधी सुरू करू?

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ती घेतो. संगणकावरची लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी असे दोन भाग असतात. लेखीची तयारी सगळे करतात, मैदानीची कुणी करत नाही. मग चाचणीच्या पंधरा दिवस आधी वेगात धावायला सुरुवात होते आणि मांडीमागचा स्नायू ओढला जातो. तीन महिने हातात ठेवा. पहिला महिना नुसतं हळू धावणं आणि ताकदीचे साधे व्यायाम, दुसऱ्या महिन्यात वेग, तिसऱ्यात चाचणीतल्या प्रकारांचा सराव. चाचणी उन्हात आणि मातीवर होऊ शकते. फक्त एसी जिमच्या ट्रेडमिलवर तयारी केलेल्यांना ते तिथे जाऊन कळतं. गुडघ्याला किंवा खांद्याला दुखापत असेल तर प्रश्न १४ पाहा.

५. वर्गात आणि मैदानावर प्रत्यक्ष काय शिकवतात?

पालकांना वाटतं दोन वर्षं पोरगा खेळणार. खेळतो, पण त्याहून जास्त वेळ मोजतो, आखतो, लिहितो आणि शिकवतो.

मैदान आखणीचंच घ्या. हातात फक्कीचं डबडं, सुतळी, खुंट्या आणि टेप. प्रमाण ४०० मीटर धावपट्टीची सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते. पण आतल्या कडेवरून मोजलं तर ४०० भरत नाहीत, कारण धावणारा कडेवरून धावत नाही. पहिल्या पट्टीत कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेरून अंतर धरतात, म्हणजे त्रिज्या ३६.८० होते आणि मग बेरीज बरोबर ४०० येते. दुसऱ्या पट्टीपासून रेषेपासून २० सेंटीमीटर धरतात. पट्टीची रुंदी १.२२ मीटर. म्हणून ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या पट्टीतला धावपटू ७.०४ मीटर पुढून सुटतो आणि त्यापुढच्या प्रत्येक पट्टीला आणखी ७.६७ मीटर. हे गणित एकदा स्वतः सोडवलं की शाळेच्या वेड्यावाकड्या मैदानावर २०० मीटरची पट्टीही बसवता येते. नोकरीत नेमकं तेच करावं लागतं.

मग चाचण्या. हार्वर्ड स्टेप टेस्टला पुरुषांसाठी २० इंची बाक, मिनिटाला ३० चढउतार, पाच मिनिटं. थांबल्यावर ठरलेल्या तीन वेळी अर्धा-अर्धा मिनिट नाडी मोजायची आणि त्यावरून निर्देशांक काढायचा. पहिल्या वेळी निम्मा वर्ग अंगठ्याने नाडी बघतो आणि मोजणी चुकते, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी बोटाला लागते. तर्जनी आणि मधलं बोट वापरा. कूपरची बारा मिनिटांची धाव, लवचीकतेसाठी बसून पुढे वाकण्याची पेटी, त्वचेची घडी मोजणारा चिमटा हे सगळं हाताखालून जातं.

याखेरीज लेझीम, डंबेल्स, मल्लखांब, योग, कवायत, पंचगिरी, नेतृत्व शिबिर. आणि पाठ. सराव पाठांची वही रात्री जागून लिहावी लागते, हे कुणी आधी सांगत नाही.

६. 'आरोग्य संवर्धन' हा विषय अभ्यासक्रमात दिसतो. म्हणजे रोगांची माहिती का?

नाही. रोग झाल्यावर काय करायचं ते वैद्यकाचं काम. इथला प्रश्न असा की धडधाकट माणूस धडधाकट राहावा म्हणून त्याच्या आजूबाजूला काय बदलायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा सनदेत याची व्याख्या आहे: लोकांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवता यावा आणि ते सुधारता यावं, यासाठी त्यांना सक्षम करण्याची प्रक्रिया.

पुस्तकात हे कोरडं वाटतं, वस्तीत गेल्यावर समजतं. समजा, तुम्हाला बचत गटातल्या पन्नाशीच्या बायकांसाठी कार्यक्रम आखायचाय. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम अशी आहे. हा आकडा फळ्यावर लिहून तुम्ही घरी आलात तर काहीही होणार नाही. तिथे विचारायचे प्रश्न वेगळे असतात. संध्याकाळी रस्त्यावर दिवे असतात का? कुत्री किती आहेत? स्वयंपाक कधी उरकतो? गुडघे कुणाचे दुखतात? मग खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम, जेवणानंतर गटाने एक फेरी, आणि दिव्यांसाठी नगरसेवकाकडे अर्ज. हा अर्जसुद्धा आरोग्य संवर्धनच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब अभ्यासाने देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. एवढ्यांना जिमचं सभासदत्व पुरणार नाही, आणि माझ्या मते या पदवीचं पुढचं काम इथेच आहे. दुर्दैवाने बहुतेक महाविद्यालयांत हा पेपर पास होण्यापुरता शिकवतात.

७. बीपीएड केलं की बीएडसारखं इतर विषयही शिकवता येतात का?

नाही. बीपीएड ही शारीरिक शिक्षणाचीच पात्रता आहे. इतिहास-भूगोल शिकवायचा तर बीएड वेगळं. शाळा मोकळ्या तासाला तुम्हाला वर्गावर पाठवतील, ती गोष्ट निराळी.

८. जिममध्ये ट्रेनरच व्हायचंय, मग तीन वर्षं कशाला घालवू? सहा महिन्यांचं सर्टिफिकेट पुरेल ना?

नोकरी लागण्यापुरतं पुरेल. स्पोर्ट्स, फिजिकल एज्युकेशन, फिटनेस अँड लीजर स्किल्स कौन्सिलची प्रमाणपत्रं आहेत, एसीई किंवा एसीएसएमसारखी परदेशी प्रमाणपत्रंही चालतात. निरोगी पंचविशीतल्या मुलाला स्क्वॉट शिकवायला एवढं बास.

अडचण येते ती समोर रक्तदाबाची गोळी चालू असलेला ५२ वर्षांचा माणूस उभा राहिल्यावर. त्याला व्यायामाआधीची पीएआर-क्यू प्रश्नावली भरायला द्यायची, उत्तरांत छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर डॉक्टरकडे पाठवायचं, काही गोळ्या नाडीचा वेग दाबतात म्हणून नाडीचा कमाल वेग काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र त्याला लावायचं नाही, हे सगळं शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्याला सुचतं. शिवाय काही वरची प्रमाणपत्रं पदवीशिवाय मिळतच नाहीत. ताकदीच्या प्रशिक्षणातलं सीएससीएस हे त्यातलं एक. घरची परिस्थिती लगेच कमवायला लावत असेल तर आधी प्रमाणपत्र घ्या, जिम धरा आणि सोबत बीपीईएस करता येतं का बघा. सकाळ-संध्याकाळची जिमची वेळ आणि दिवसाचं कॉलेज असं जमवणारी मुलं आहेत, पण मैदानाचे तासही सकाळीच असतात, त्यामुळे आधी वेळापत्रक मागा.

९. हे आणि फिजिओथेरपी एकच ना?

नाही. फिजिओथेरपी ही आरोग्यसेवेची पदवी आहे, महाराष्ट्रात तिला नीटमधून प्रवेश मिळतो आणि तिथे इजा झालेल्या, आजारी माणसावर उपचार शिकवतात. बीपीएड किंवा बीपीईएसवाल्याने दुखऱ्या गुडघ्याचं निदान करायचं नसतं. प्रथमोपचार द्या, योग्य माणसाकडे पाठवा, बरा झाल्यावर हळूहळू मैदानावर आणा.

१०. पदवीनंतर डाएट प्लॅन देता येईल का? प्रोटीन पावडर सुचवू का?

पाणी, भाज्या, डाळी, झोप, जेवणाच्या वेळा असा सर्वसाधारण सल्ला जरूर द्या. मधुमेह, किडनी, गरोदरपण असं काही असेल तर आहारतज्ज्ञाकडे पाठवा. पावडरचं म्हणाल तर आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळायला सांगितलंय. पावडरच्या डब्यावर कमिशन मिळतं म्हणून ती सुचवणारे ट्रेनर तुम्हाला भेटतीलच.

११. मुलीला या क्षेत्रात पाठवावं का? लग्नानंतर काय?

लग्नानंतरचा प्रश्न मुलाच्या आईवडिलांकडून कधी येत नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो. विचारण्यासारखे खरे प्रश्न असे: मैदानाजवळ कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, वसतिगृह किती लांब, शिबिराला महिला प्राध्यापक सोबत असतात का, पाळीच्या दिवसांत प्रात्यक्षिकाची सोय कशी करतात. महाविद्यालय बघायला जाल तेव्हा ऑफिसात नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. मुलींच्या शाळा, सोसायट्या आणि महिलांच्या बॅचना बाई शिक्षिका किंवा ट्रेनर हवी असते.

१२. खरंच नोकरी लागते का?

अनुदानित शाळांत कायम जागा मिळवणं अवघड आहे, गोड बोलण्यात अर्थ नाही. भरती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि पवित्र पोर्टलमधून होते आणि क्रीडाशिक्षकाच्या जागा विषयशिक्षकांपेक्षा कमी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून जास्त मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यायला सांगितलंय. त्यातला 'अर्धवेळ' हा शब्द नीट वाचा. खाजगी सीबीएसई शाळा बऱ्यापैकी घेतात, पण करार अकरा महिन्यांचा आहे का ते सही करण्याआधी बघा.

शाळेबाहेर क्रीडा अधिकाऱ्याची पदं आहेत. त्यांच्या जाहिरातीतली शैक्षणिक अट शब्दन् शब्द वाचा. प्रशिक्षक व्हायचं असेल तर नुसती बीपीएड पुरत नाही, १९६१ मध्ये पतियाळाला सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची एका खेळातली पदविका लागते. दोन्ही असलेल्या माणसाला मागणी राहते. खेळाडूंसाठी राज्य सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, पण ते स्पर्धेतल्या कामगिरीवर आहे. पदवी असली म्हणून ते मिळत नाही. ही गल्लत फार होते.

१३. सीनियर कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर?

एमपीएड किमान ५५ टक्क्यांनी, आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, नाहीतर पीएचडी. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत एक अट अशी आहे की ती पुष्कळांना मुलाखतीच्या पत्रात पहिल्यांदा दिसते: शारीरिक क्षमता चाचणी. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, चाळीसपर्यंत १५००, पंचेचाळीसपर्यंत १२००, पन्नासपर्यंत ८००. महिलांना ८ मिनिटांत अनुक्रमे १०००, ८००, ६०० आणि ४०० मीटर. अंतरं जड नाहीत. पण पीएचडीच्या चार-पाच वर्षांत खुर्चीत बसून गेलेल्या माणसाला तीही जड जातात.

१४. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आहे. मैदानी चाचणी देऊ का?

शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनी धावण्याची आणि उडीची स्पष्ट परवानगी दिली असेल तरच. नसेल तर ते वर्ष थांबा आणि रिकामे राहू नका: एखाद्या खेळाची पंच परीक्षा, प्रथमोपचाराचा कोर्स, लेखीचा अभ्यास. वेदनाशामक गोळी घेऊन चाचणी देण्याचा सल्ला मित्र देतील. तो ऐकू नका, कारण त्यानंतरही दोन वर्षं रोज मैदानावर काढायची असतात.

१५. बीपीईएस केलं आणि थेट एमपीएडही झालं, मधलं बीपीएड नाही. शाळेत चालेल का?

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी कोंडी हीच. काही विद्यापीठं बीपीईएसवर थेट एमपीएडला घेतात, ते नियमाला धरूनच असतं. पण शाळेतली भरती शिक्षकी पात्रता मागते आणि ती बीपीएड आहे. एमपीएड वरची पदवी म्हणून बीपीएडची जागा घेत नाही. शाळेत जाण्याची थोडी जरी शक्यता असेल तर बीपीईएसनंतर आधी बीपीएड करा. कॉलेजच्या वाटेवर (प्रश्न १३) ही अडचण येत नाही.

१६. माझी बीपीएड एक वर्षाची आहे, २०१० ची. आता बाद झाली का?

नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१४ च्या निकषांनंतर, २०१५-१६ पासून आला. त्याआधी मान्यताप्राप्त महाविद्यालयातून केलेली एक वर्षाची पदवी वैधच आहे. छाननीत कुणी अडवलंच तर तुमच्या महाविद्यालयाच्या त्या वर्षीच्या एनसीटीई मान्यतेच्या आदेशाची प्रत जोडा.

१७. नोकरी सांभाळून बहिःस्थ बीपीएड करता येईल?

नाही. बीपीएड नियमित पद्धतीनेच होते. 'हजेरी आम्ही बघतो' असं सांगणारा एजंट भेटला तर पैसे खिशातच ठेवा.

१८. चांगलं महाविद्यालय कसं ओळखायचं? महाराष्ट्राबाहेर जावं का?

आधी एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीच्या यादीत नाव बघा. मग सकाळी सातला न सांगता मैदानावर जा. तिथे फक्कीच्या ताज्या रेषा आणि घामेजलेली मुलं दिसली तर पुढची चौकशी करा.

आपल्याकडे या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, आणि त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं; योगाकडे ओढा असेल तर तिथली चौकशी जरूर करा. बाहेर ग्वाल्हेरची १९५७ ची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आणि १९२० पासूनचं चेन्नईचं वायएमसीए महाविद्यालय ही मोठी नावं आहेत, इंफाळला राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे. प्रवेश मिळत असेल तर जा.

१९. कॅनडातल्या कॉलेजात 'फिटनेस अँड हेल्थ प्रमोशन' आहे. ते इथल्या पदवीसारखंच का?

ओंटारिओतल्या कॉलेजांत या नावाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, ती पदवी नाही. तो तिथल्या पर्सनल ट्रेनरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी तयार करतो आणि तिथल्या कामासाठी उपयोगी आहे. परत येऊन शाळेत लागायचं तर तो बीपीएडच्या जागी धरला जाणार नाही. शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याचे नियम तिथे अलीकडे विषयानुसार बदललेत, म्हणून फी भरण्याआधी तो कोर्स त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. एजंटच्या व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका.